फकिराच्या वजनाचं विमान

फकिरा वारला आणि विमानाचं नाक जड झालं.

गावात कुणाला हे पटायचं नाही, पण ते अगदी खरं होतं. आदिलाबादकडच्या बेल्याजवळच्या त्या गावात, कापूस ठेवायच्या जुन्या गोदामात, उद्धवराव आणि फकिरा अकरा वर्षं दोन माणसांचं एक छोटं विमान बांधत होते. उद्धवराव कापसाच्या जिनिंग कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, फकिरा सुतार. लोखंड एकाचं, लाकूड दुसऱ्याचं. पुढच्या सीटवर उद्धवराव बसणार आणि मागच्या सीटवर फकिरा, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं. फकिराचं वजन पंच्याण्णव किलो. विमानाचं सगळं गणित त्याच पंच्याण्णव किलोंवर मांडलं होतं. गेल्या चैत्रात कापसाची पऱ्हाटी उपटलेल्या शेतात दोघांनी ते दोनदा पळवलं आणि हातभर उचललंही. परवान्याची दरख्वास्त अजून वरच्या कचेरीतच पडून होती, त्यामुळे हातभराच्या वर जायचं नव्हतं. पण हातभर म्हटलं तरी जमीन सुटली होती. फकिरा मागून अशा आरोळ्या ठोकत होता, की शेजारच्या शेतातले बैल जू टाकून पळाले.

आषाढात फकिराला ताप आला. आदिलाबादच्या दवाखान्यात बारा दिवस काढून तो परत आला, तो चौघांच्या खांद्यावर.

दिवाळीनंतर उद्धवरावांनी एकट्यानं विमान एका पडीक शेतात काढलं. मागची सीट रिकामी होती. वेग आला तसं नाक खाली दबू लागलं. दोन्ही हातांनी विमान चालवायचा दांडा पोटाशी ओढून धरावा तेव्हा कुठं ते सरळ राही. जिनिंगच्या पट्ट्यात सापडलेला त्यांचा उजवा खांदा जुनाच दुखरा, तो चार दिवस वर होईना.

"असं वाटते का कोणी पुढून ओढून राह्यलं," ते बायकोला म्हणाले.

लक्ष्मीबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मंग मागं ज्वारीचं पोतं ठिवा. शंभर किलोचं हाय. पाच किलो काढून घेतो मी दळणाले."

सल्ला बिनचूक होता, आणि तिथंच घोळ झाला. उद्धवरावांनी पोतं तोलून मागच्या सीटवर बसवलं आणि पट्ट्यानं आवळलं. दाणे सांडू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी पोत्याच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलं. ते नेमकं मुंडाशासारखं दिसू लागलं.

दुसऱ्या दिवशी गयाबाई आली. गयाबाई म्हणजे फकिराची बायको. विमानाच्या पंखांचं सगळं कापड तिनंच आपल्या मशीनवर शिवलेलं. शेपटाकडचं एक ठिगळ शिवून आणलं होतं, ते द्यायला ती आली आणि मागच्या सीटकडे बघत उभीच राहिली.

"हे माये मालक हायत का?"

"नाई, वयनी... वजनासाठी..." उद्धवराव पोत्याचं फडकं सोडू लागले.

"पंच्याण्णव भरलं?"

"भरलं."

"मंग बोलाले लावा त्याले."

ठिगळ पोत्याच्या मांडीवर ठेवून ती निघून गेली. पोतं त्याच संध्याकाळी घरात आलं. त्या ज्वारीच्या भाकरी पुढं पंधरा दिवस उद्धवरावांच्या घशाखाली धड उतरल्या नाहीत.

आता एकच वाट उरली होती, ट्रिमची, म्हणजे तोल सावरणाऱ्या पट्टीची. विमानाच्या शेपटाला एक आडवी हलती फळी असते, तिला एलेव्हेटर म्हणतात. दांडा ओढला की ती वर होते आणि नाक उचललं जातं. या फळीच्या मागच्या कडेला वीतभर लांबीची एक छोटी पट्टी बिजागरीवर बसवायची. ही पट्टी खाली वळवली की वारा तिला वर ढकलतो, तिच्याबरोबर अख्खी फळी वर जाते आणि नाक आपोआप उचललेलं राहतं. हाताला ओढायचे कष्ट नाहीत. थोडक्यात, फकिरा जे काम नुसतं बसून करत होता, तेच काम ही पट्टी करणार होती.

उद्धवरावांनी जमिनीवर खडूनं आखणी केली, पुसली, पुन्हा केली. पूर्वी असं आखताना फकिरा शेजारी बसून तंबाखू मळत "जमते का पाह्य" म्हणायचा. आता कुणी काही म्हणत नव्हतं, म्हणून आखणी तीनदा चुकली. पातळ, लांब बिजागरीसाठी आदिलाबादची सगळी दुकानं पालथी घातली. प्रत्येक दुकानदार तेलुगूत "लेदु सार, लेदु", नाही म्हणून मान हलवायचा. एकानं कशासाठी पाहिजे म्हणून विचारलं, तेव्हा उद्धवराव खरं बोलले. त्या माणसानं त्यांना बसायला स्टूल दिलं आणि घरी कोण कोण आहे, म्हणून काळजीनं विचारलं. शेवटी भंगारातल्या एका कपाटाची बिजागरी कापून काम भागलं. पत्र्याची पट्टी झाली. मोपेडच्या क्लचच्या दोन तारा घेतल्या. त्यांची पुढची टोकं सीटजवळच्या छोट्या खटक्याला आणि मागची टोकं पट्टीला, पिना घालून अडकवली. एक तार पट्टी वर ओढणार, दुसरी खाली. खटका मागं ओढला की पट्टी खाली जाई. म्हणजे नाक वर. शुक्रवारी दुपारी सगळं जुळलं. उद्धवरावांनी पळत पळत शेपटाशी जाऊन पाहिलं, पुन्हा सीटवर येऊन खटका ओढला, पुन्हा पळत गेले. एकानं ओढायचं आणि दुसऱ्यानं मागं उभं राहून "वर! खाली!" ओरडायचं, असं ते दोघांचं काम होतं. एकट्यानं ते करताना धाप लागली, पण बरोबर होतं. रविवारी सकाळी चाचणी करायची ठरली.

रविवारी माघातलं आभाळ भरून आलं होतं. पाऊस नाही, ऊन नाही, नुसती मरगळ. शेतात उद्धवरावांसह चार माणसं जमली होती. लक्ष्मीबाई नारळ घेऊन आल्या होत्या. बांधावर गयाबाई होती. पोत्याच्या प्रकरणानंतर ती बोलत नव्हती, पण आली होती. आणि लक्ष्मीबाईंचे थोरले भाऊ चंपतराव. तीस वर्षं बस डेपोत मेकॅनिक होते आणि आठ दिवसांसाठी बहिणीकडे राहायला आले होते. उद्धवराव पट्टा बांधत होते, तेवढ्यात चंपतराव जवळ आले आणि घसा खाकरला.

"दाजी, एक सांगू का? रागावसान तं नाई?"

"सांगा ना."

"लक्ष्मी रडून राह्यली होती परवा. म्हणे, नाक वर पायजे तं पट्टी खाली कायले जाते? म्या जाऊन पाह्यलं. खरंच तुमच्या तारा उलट्या होत्या. तुमी झोपले होते, म्हणून म्या मागच्या टोकाले बदलवून टाकल्या. म्हटलं, माणूस दुःखात हाय, चुकते."

उद्धवरावांचा चेहरा आभाळापेक्षा काळा झाला.

"चंपतराव, हे इमान हाय, बस नाई! पट्टी खालीच जा लागते!"

"असं कसं? वर जाचं तं वर..."

"तुमी बांधावर जाऊन बसा. बोलू नका."

पट्टा सोडून ते उतरले. शेपटाकडच्या पिना काढल्या, तारांची अदलाबदल केली, पिना घातल्या. आता खटका ओढून बघायला हवं होतं. अकरा वर्षांत एकही खिळा त्यांनी तपासल्याशिवाय सोडला नव्हता. पण तपासायचं तर पुन्हा एकट्यानं पळापळ करायची, नाहीतर कुणीतरी शेपटाशी उभं राहून ओरडायला हवं. दोघी बायका लांब बांधावर होत्या. जवळ होते फक्त चंपतराव, आणि चंपतरावांना नुकतंच बोलू नका म्हणून सांगितलं होतं. शिवाय मूळचं जसं होतं तसंच तर केलं होतं. त्यात तपासायचं काय? ते रागारागानं सीटवर बसले आणि इंजिन चालू केलं.

विमान धावू लागलं. शेपूट उचललं गेलं. नेहमीप्रमाणे नाक दबू लागलं, तसा उद्धवरावांनी खटका थोडा मागं ओढला. नाक आणखी दबलं. त्यांना वाटलं, पट्टी लहान पडली. म्हणून खटका अजून ओढला. नाक अजून खाली. दांडा ओढून धरलेल्या खांद्यातून कळ निघाली. तेव्हा दांडा सोडून सगळी भिस्त खटक्यावर टाकत त्यांनी तो शेवटपर्यंत ओढला.

नाकावरचा फिरता पंखा काळ्या मातीत घुसला. कडाड असा आवाज झाला, मातीचं ढेकूळ तोंडावर आलं आणि विमान नाकावर उभं राहून थांबलं. शेपूट आभाळात. इंजिन बंद. उद्धवराव पट्ट्याला ओणवे लटकलेले. त्यांना काहीही झालं नव्हतं, आणि या गोष्टीचं त्यांना अतिशय वाईट वाटत होतं.

लक्ष्मीबाई रडत धावत आल्या. "अवो, जित्ते हा का?"

"हाय," पट्ट्यातून आवाज आला.

चंपतराव लांबूनच ओरडले, "दाजी, आता बोलू का?"

गयाबाई मात्र उद्धवरावांकडे आली नाही. ती आधी वाकून खटका पाहून आली, मग टाचा उंचावून वरच्या शेपटाची पट्टी तिनं निरखली.

"भाऊ, तार कोणं फिरवली?"

"चंपतरावानं उलटी केली होती, वयनी. म्या आत्ता सुलटी केली."

"म्हंजे झाली ना पुन्हा उलटी!" गयाबाईनं कपाळाला हात लावला. "काल संध्याकाळी म्या येऊन पाह्यलं. पट्टी चुकीची जाऊन राह्यली होती. म्या इकडं खटक्याकडच्या पिना बदलवून बरोबर केलं होतं."

लटकलेल्या अवस्थेत उद्धवरावांनी हिशेब जुळवला. चंपतरावांनी मागून उलटं केलं. गयाबाईनं पुढून सुलटं केलं. मग आपण मागून ते पुन्हा उलटं केलं. तीन माणसांनी तीन वेळा विमान वाचवलं होतं, आणि म्हणून ते जमिनीत घुसलं होतं.

"तुमाले कसं समजलं, पट्टी खाली पायजे म्हणून?"

"अकरा साल जेवताना दुसरं काय ऐकलं म्या? पट्टी, फळी, शेपूट. एक दिवस भाजीत मीठ नव्हतं तं ते बी नाई समजलं त्याइले."

"मंग मले सांगाचं ना, वयनी!"

"तुमी दुःखात. चूक झाली असन म्हटलं. माणसाले तोंडावर कायले सांगाचं?" थोडं थांबून ती म्हणाली, "पण तुमी तपासलं काऊन नाई? माये मालक असते तं तपासल्याबिगर बसू देलं असतं का तुमाले?"

चंपतरावांनी आणि लक्ष्मीबाईंनी मिळून त्यांना खाली उतरवलं. उद्धवराव मातीत बसले आणि त्यांना पंखा दिसला. सागाचा, एकसंध लाकडातून कोरलेला. एक पातं मुळापासून गेलं होतं. दुसरं उभं चिरलं होतं. फकिरा चार महिने तो कोरत होता. रंधा मारून झाला की गालावर लावून बघायचा, गुळगुळीत झालाय का म्हणून. फकिराच्या मर्तिकाला उद्धवराव रडले नव्हते, सगळ्यांची सोय बघत फिरत होते. आता तुटक्या पात्यावर हात ठेवून ते हमसून हमसून रडू लागले. मध्येच शिंक आली, कारण नाकात माती गेली होती.

"वयनी, त्याच्या हातचं हेच तं होतं मायाजवळ. तेबी म्या मोडलं. असा पंखा आता कोण करन?"

गयाबाई त्यांच्यासमोर बसली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "घरी हायत."

"काय?"

"पंखे. माळ्यावर. गोणपाटात बांधून ठिवले. तुमाले सांगू नको म्हणत होते."

उद्धवरावांचं रडणं जागच्या जागी थांबलं. "पंखे? कित्ती?"

"तीन."

"तीन!"

"म्हणत, उद्धव्या एक तं मोडीनच. मंग म्हणत, एकावर थोडीच थांबणार हाय तो." तिनं पदर खोचला. "चौथ्याचं लाकूड बी कापलं होतं. मंग ताप आला."

मागं उभ्या चंपतरावांना हसू आलं. ते त्यांनी खोकल्यात घातलं. लक्ष्मीबाईंनी हातातला नारळ उगाचच दुसऱ्या हातात घेतला. उद्धवराव मात्र तसेच बसले होते, तोंड माखलेलं, डोळे लाल. फकिरा गेल्यापासून आज पहिल्यांदा त्यांना त्याचा मनापासून राग आला.

"लेकाचा अकरा साल माया मांडीले मांडी लावून बसला," ते म्हणाले, "आन् मले एवढंच वळखून होता का?"

"एवढंच नाई, भाऊ," गयाबाई उठता उठता म्हणाली. "पण पंख्याच्या बाबतीत एवढंच."