अंबादासरावांचं सार्वजनिक पिल्लू

कुत्री पाळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण कुत्रं जवळ आलं की भिंतीकडे तोंड करून उभे राहणारे मालक एकच, आमच्या समोरच्या फ्लॅटमधले अंबादासराव. पिल्लू शेपूट हलवत येतं आणि हे गृहस्थ गर्रकन वळून लिफ्टशेजारची पाणीकपातीची सूचना वाचायला लागतात. सूचना मागच्या उन्हाळ्यातली आहे.

बरं, पिल्लू कुणी त्यांच्या गळ्यात मारलं होतं असंही नाही. कोर्टाच्या नोकरीतून निवृत्त झालेला हा एकटा माणूस. दहा ठिकाणी चौकशी करून, दिलसुखनगरहून स्वतः ऑटोनं जाऊन त्यांनी डॅशहाउंड आणला. लांबुडका, बुटका, तपकिरी. नाव ठेवलं खजूर. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी आमची बेल वाजवून तो माझ्या हातात ठेवला.

"आज ह्याचं सगळं तुमच्याकडं. उद्या लक्ष्मीगारूंकडं."

लक्ष्मीगारू म्हणजे वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका. मी नको म्हणायच्या आत अंबादासराव भिंतीकडे वळले होते.

मला नको त्या चौकशा करायची खोड आहे. हा माणूस कुत्र्याला घाबरतो की काय? की खर्च टाळतो? पण भात आणि उकडलेल्या अंड्याचा डबा तर तेच करून पाठवत. मला काही उलगडा होईना.

त्यात ही जात महाहट्टी. मी खजूरला खाली पार्किंगशेजारच्या मातीत नेत असे. तो प्रत्येक स्कूटरचा वास घेई, चिमण्यांकडे बघत बसे आणि वर येऊन आमच्या पायपुसण्यावर कार्यभाग उरकी. एकदा मी त्याच्यावर खेकसलो, तर समोरचं दार बोटभर उघडलं.

"तुम्ही घाई करायलात," फटीतून आवाज आला. "इत्मिनानानं होऊ द्या."

इत्मिनान, म्हणजे निवांतपणा, हा अंबादासरावांचा सर्व रोगांवरचा उपाय. गॅस संपला, इत्मिनानानं. दूध उतू चाललं, इत्मिनानानं. मात्र खजूरच्या बाबतीत त्यांचे नियम कडक होते. उठला की खाली, खाल्लं की खाली, जागा तीच. "बोलू नका, नुसतं उभं राहा. झालं की तिथल्या तिथं तारीफ करा. वर आल्यावर केलेली त्याला कळत नाही."

एके सकाळी खजूरनं शेवटी मातीला मान दिला. लक्ष्मीगारू "मंची खजूर, मंची" अशी शाबासकी देत त्याच्या पाठीवर थोपटू लागल्या. मी सहज वर पाहिलं. बाल्कनीत अंबादासराव आवाज न करता टाळ्या वाजवत होते. मी पाहतोय म्हटल्यावर त्यांनी घाईघाईनं दोरीवरचा टॉवेल झटकायला घेतला. माझं कुतूहल आणखीच वाढलं.

पुढे त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. खजूरची चादर माझ्याकडे द्यायला आले तेव्हा मी विचारूनच टाकलं, "कुत्रं तुमचं, मग तुम्ही त्याला हात का लावत नाही?"

ते सूचनेकडे बघत म्हणाले, "आमच्या थोरल्या भावाकडं हीच जात होती. एका माणसाचंच होऊन बसतं हे. भाऊ गेला, तर त्यानं कुणाच्या हातचं खाल्लं नाही. मी लई मिनतवाऱ्या केल्या. दारात पडून पडून गेलं." मग म्हणाले, "मी पंचाहत्तरीला आलो. हे माझ्यामागं राहणार. माझं एकट्याचं झालं नाही पाहिजे."

"मग आणलंत कशाला?"

"घरात कुणाची तर चाहूल पाहिजे न हो."

पुढची चौकशी न करता मी चादर घेऊन आत गेलो. माझ्या आयुष्यात असं फार क्वचित झालं आहे.

दवाखान्यातून ते काठी टेकत परत आले. लिफ्टमधून बाहेर पडताच पहिला प्रश्न, "खाल्लं का त्यानं?"

"हौ, पोटभर."

"रडलं?"

"नाही."

"माझ्या दाराशी जाऊन बसलं?"

"एकदाही नाही," मी अभिमानानं सांगितलं. आणि ते खरंच होतं.

"चांगलं झालं," अंबादासराव म्हणाले. "हेच पाहिजे होतं." मग किती तरी वेळ त्यांची किल्ली कुलपात जाईना. एखादं खोटं बोलायला हवं होतं, असं वाटून गेलं.

तेवढ्यात लक्ष्मीगारू खजूरला फिरवून जिन्यानं वर आल्या. खजूरनं अंबादासरावांना पाहिलं. हाताला हिसका देऊन पट्ट्यासकट तो त्यांच्याकडे धावला, त्यांच्या पायांशी लोळला आणि ज्यानं गेले कित्येक दिवस खालची माती कधी चुकवली नव्हती, त्यानं आनंदाच्या भरात त्यांच्या पावलांवरच शू करून टाकली.

"अय्यो," लक्ष्मीगारू म्हणाल्या. मी फडकं आणायला धावलो.

परत आलो तेव्हाही अंबादासराव तसेच उभे होते. ते भिंतीकडे वळले नव्हते, आणि पायही मागे घेतला नव्हता.

"थांबा हो," ते खजूरकडे बघत म्हणाले. "इत्मिनानानं होऊ द्या त्याचं."