मेहुण्यांची दाढ आणि शंभर वादक

दातांच्या डॉक्टरांचं सिनेमाच्या पार्श्वसंगीताबद्दलचं मत दाढेसारखं घट्ट होतं. शंभर माणसांनी घाम गाळून वाजवावा तो ऑर्केस्ट्रा, तेच संगीत. इलेक्ट्रॉनिक म्हणजे फ्रिजची घरघर. "यंत्राला काळीज नसतं," असं ते पेशंटला आ करायला लावून सांगत. त्यामुळे आजवर कुणी वाद घातला नव्हता. बाहेर नोंदणीच्या टेबलाशी बसणाऱ्या बायकोला मात्र नेमकं इलेक्ट्रॉनिकच आवडायचं.

त्या दिवशी तिचा थोरला भाऊ रूट कॅनालला आला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासरचा एकही दात डॉक्टरांच्या हाती लागला नव्हता.

"दादा भित्रा आहे. आज बिनसलं तर माझ्या माहेरचं कुणी इथे फिरकायचं नाही," बायकोने बजावलं. "तुमची ती वाजंत्री बंद ठेवा."

"अगं, त्यानेच तर भीती जाते!"

दाढेभोवती बधिर झालं, व्हायोलिनं हळुवार सुरू झाली, मेहुण्यांनी डोळे मिटले. डॉक्टर दाढ चाचपता चाचपता असे तल्लीन झाले, की त्या संगीतात पुढे लढाईचा प्रसंग आहे हे साफ विसरले. ढोल, ट्रम्पेट, झांजा एकदम कोसळल्या. मेहुण्यांनी दचकून तोंड मिटलं. डॉक्टरांचं बोट आतच होतं.

किंचाळून झाल्यावर डॉक्टरांनी घाईघाईने दुसरं संगीत लावलं. ते निघालं विरहाचं. मेहुणे तोंडात कापूस धरून हुंदके देऊ लागले. आधी किंकाळी, मग रडणं. बाहेर बसलेल्या पेशंटना एकाएकी घरची कामं आठवली.

बायको आत आली, तिने स्पीकरची वायर उपटली आणि निघून गेली. डॉक्टरांनी बोटाला पट्टी गुंडाळली आणि ड्रिल उचललं. सासर गेलं, पेशंट गेले, आता निदान दाढ तरी वाचवावी म्हणून ते खाली मान घालून कामाला लागले. हळूहळू मेहुण्यांच्या मुठी सैल झाल्या.

चूळ भरून मेहुणे उठले. "जावईबापू, राग मानू नका. तुमचं ते आधीचं काही झेपलं नाही. पण शेवटचं ते बारीक, एका सुरातलं... इलेक्ट्रॉनिक होतं ना? जीव कसा शांत झाला! कोण वाजवतं हो ते?"

डॉक्टरांनी हातातल्या ड्रिलकडे पाहिलं. मग दारात उभ्या बायकोकडे पाहिलं. ती ओढणीत तोंड लपवून हसत होती.

"हेच वाजवतात, दादा," ती म्हणाली. "रोजचा रियाज आहे."

"मग आईलाही उद्या आणतो. पण वाजवायचं हेच हं!"

इतक्या वर्षांत डॉक्टरांच्या कलेला मिळालेली ही पहिलीच दाद. त्यांनी शंभर वादकांची मनातल्या मनात माफी मागितली आणि मान लववून ती दाद स्वीकारली.