मच्छरदाणीतली तांबडी

केदारखेड्यात मध्यंतरी एक कोंबडी मच्छरदाणीत झोपायची आणि तिचा मालक बाहेर बाजेवर डास मारत पडायचा. मालक म्हणजे आमचे शेजारी रंगनाथअप्पा. वय सत्तरीपुढं, बायको वारल्यापासून घरात एकटे, आणि हट्टाच्या बाबतीत गावात त्यांना जोड नाही. कुठलाही सल्ला द्या, उत्तर ठरलेलं: "बिलकुल न्हाई."

झालं असं, की त्यांच्या तांबडीच्या पापण्यांवर फोड आले, त्यांच्या खपल्या झाल्या आणि दोन्ही डोळे सुजून चिकटले. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही कोंबड्यांची देवी. विषाणूचा आजार, त्यावर औषध नाही, डासांमुळं पसरतो. बाकीच्यांना लस देऊ, हिला वेगळी ठेवा. दाणा दिसत नाही, त्यामुळं रोगाआधी ही भुकेनंच मरेल.

गावानं सोपा उपाय सुचवला, मान मुरगाळून पुरून टाका. अप्पांचं उत्तर तुम्हाला माहीत आहेच.

घरातली एकुलती एक मच्छरदाणी तांबडीच्या डालग्यावर गेली. मला कधी घोटभर चहा न विचारणारा हा माणूस सकाळ-संध्याकाळ तिच्यासाठी पाणी कोमट करी, त्यात चिमूटभर मीठ टाकी आणि कापसानं पापण्या पुसत बसे. खपली ओढायची नाही, भिजून सुटेल तेवढीच काढायची. मग तळहातावर ज्वारीच्या भिजवलेल्या कण्या घेऊन तिची चोच त्यात टेकवायची. "खा माय. उपाशी मरायचं न्हाई."

ती खाई तोवर अप्पा तिला दिवसभराचं सगळं सांगत. काकू गेल्यापासून भिंतीपलीकडून त्यांचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. एकदा न राहवून मी विचारलंच, अंडं न देणाऱ्या कोंबडीसाठी एवढा जीव का आटवता?

"मी खाकरलो की मान वर करती ती," अप्पा म्हणाले. "दुसरं कोन करून राह्यलंय?"



शेवटी खपल्या गळाल्या. डोळे उघडले त्या सकाळी अप्पांनी मला मुद्दाम हाक मारून बोलावलं. कण्यांचा हात त्यांनी पुढं केला. तांबडीनं हाताकडं पाहिलं, मग वर अख्ख्या अप्पांकडं पाहिलं, आणि पंख फडफडवत जी सुटली ती थेट उकिरड्यावर, बाकीच्या कोंबड्यांत.

मला हसू आवरेना. अप्पा हसले नाहीत.

"दिसून राह्यलं तिला," ते म्हणाले. "बराबर दिसून राह्यलं."

पुढं केलेला हात मात्र त्यांनी बराच वेळ मागं घेतला नाही.