क्लाउसरावांचे चोवीस अंश

दार उघडलं की आमचे क्लाउसराव नमस्कार-चमत्कार करत नाहीत, आकडा सांगतात. "फिअरउंडत्स्वान्त्सिश." म्हणजे चोवीस. मागच्या खोलीत गांजाची तीन झाडं आहेत, त्यांच्या अंगाशी चोवीस अंश ऊब आहे आणि जगाचं ठीक चाललंय, एवढं सगळं त्या एका शब्दात आलं.

मी जर्मनीत गेर्लिंगेनला मुलाकडे राहतो, क्लाउसराव समोरच्या दारात. वय पंच्याहत्तर. जन्म गेला लोकांच्या घरची हायट्सुंग, म्हणजे खोल्या गरम करायच्या शेगड्या, दुरुस्त करण्यात. सरकारनं माणशी तीन झाडं घरात लावायची मुभा दिली, तशा यांनी कुंड्या आणल्या. स्वतः साधी सिगारेट ओढत नाहीत. सूनबाई मला म्हणाली, "मामा, तुम्ही त्या खोलीत जात जाऊ नका. व्हिसाचं काही झालं म्हणजे?" मी म्हटलं, "परवानगी तीन झाडांची आहे. मी काय चौथं झाड आहे?"

मी जातोच. मिरजेकडं चाळीस वर्षं पानमळा केला मी. आता तिथं पुतण्यानं ऊस लावलाय. ओल्या मातीचा आणि हिरव्या पानाचा वास या गावात मला त्या एका खोलीतच मिळतो. पानमळ्यात कुणी पायताण घालून जात नाही. म्हणून पहिल्या दिवशी मी उंबऱ्यावर मोजेसुद्धा काढले. क्लाउसरावांनी माझ्या उघड्या पायांकडं बघितलं, थर्मामीटर आणून फरशीला लावला, मान हलवली आणि एक चटई अंथरली.

आमचं बोलणं त्यांच्या फोनमार्फत. ते जर्मन बोलतात, मग फोनमधली बाई तलाठी कचेरीतली नोटीस वाचल्यासारखं मराठी बोलते. "उजेडात चोवीस अंश. अंधारात वीस अंश. तीसच्या वर पाने वळतात. पंधराच्या खाली मुळे काम करीत नाहीत." खोलीत थर्मामीटर तीन. एक कुंडीत, एक शेंड्याला, एक भिंतीला. मी पानाला हाताची पालथी बाजू लावली आणि बोटांनी दाखवलं, सव्वीस. "नाइन," म्हणजे नाही, म्हणाले. शेंड्याचा थर्मामीटर बघितला. सव्वीस. मग दोन दिवस दारच उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः आले, माझं मनगट धरून आत नेलं आणि पानाला टेकवलं. "आल्झो?" म्हणजे, बोला, आता किती?

तेव्हापासून मी रोजचा.

झाडं फुलली. मग एका सकाळी दारात आकडा आला, "आख्टसेन." अठरा. आत शेगडी बंद, खिडकी फटीएवढी उघडी. मला राग आला. फुलावर आलेलं झाड असं गारठवायचं? मी शेगडीची चावी फिरवली. त्यांनी बंद केली. मी पुन्हा फिरवली. दोन म्हातारे एका चावीला झोंबलो तेव्हा त्यांनी दुसऱ्या हातानं फोन पुढं केला. बाई म्हणाली, "कृपया थांबा. फुलांनी हळू पिकावे. रेनाटे रविवारी येत आहे."

रेनाटे म्हणजे त्यांची बायको. पाय गेल्यापासून दोन वर्षं टेकडीपलीकडच्या वृद्धाश्रमात असते. घरातली झाडं सगळी तिची होती. ती तिकडं गेल्यावर यांच्या हातून निवडुंगसुद्धा मेला. तिनं तिथून निरोप धाडला होता, "तू बॉयलरच सांभाळ." तिला आपल्या हातानं वाढवलेलं एक फुललेलं झाड दाखवायचं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. झाड घराबाहेर काढायला कायद्याची परवानगी नाही आणि क्लाउसराव लाल दिव्याला रिकाम्या रस्त्यावरही उभे राहणारे. म्हणजे तिनंच यायला हवं. दोन रविवार आश्रमानं नाही सांगितलं, अशक्तपणा आहे म्हणून. इकडं फुलांचे पांढरे केस तांबूस व्हायला लागले होते, म्हणजे फुलं उतरणीला लागली होती.

मी चावी सोडली.

रविवारी ते इस्त्रीचा सदरा घालून बसले. झाडांजवळ खुर्ची मांडली होती, तिच्यावर उशी. मीही धुतलेली टोपी घातली. अकराला फोन वाजला. ते ऐकत राहिले. "या," म्हणाले, म्हणजे हो. थोड्या वेळानं पुन्हा "या." फोन ठेवला, खुर्चीवरची उशी उचलली आणि मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसले.

"नेक्स्टन झोनटाग," म्हणाले. पुढचा रविवार.

मी पानाला हात लावून बघितला. या उबेत ती फुलं आठ दिवस टिकणार नव्हती, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. मी घरी गेलो, सूनबाईला न विचारता दोन दुलया काढल्या आणि परत आलो. एक त्यांच्या खांद्यावर टाकली, एक मी गुंडाळली. मग खिडकी सताड उघडली. टेकडीवरचा बर्फाचा वारा आत आला.

थोड्याच वेळात क्लाउसरावांनी शेंड्याचा थर्मामीटर बघितला. "झीबत्सेन." सतरा.

"अजून एक उतरू द्या," मी म्हटलं.