असदाबाद खिंडीवरील स्वारी आणि नुसरतमामांचे डिकीरोहण

या हो श्रोते, जवळ सरा. दाराशी बसलेल्यांनी दार लोटून घ्यावे, कारण कथा बर्फाची आहे. ईश्वरकृपेने आज तुम्हांस ती मोहीम सांगतो, जीत हमदानकर यदुल्ला आगा यांनी पेकान जातीची मोटार घेऊन असदाबादची खिंड सर केली. गनीम दोन. एक बर्फ, आणि दुसरा आगांची स्वतःची जीभ.

यदुल्ला आगा, पेशा कातडी कमावण्याचा, दिल दर्याव. त्यांचे चिरंजीव बेहनाम यांची सोयरीक खिंडीपलीकडे असदाबादेस, माहलका बानूशी ठरली होती. आणि त्या मुलखाचा रिवाज ऐसा, की वर्षातील सर्वांत लांब रात्र जी यल्दा, तिच्या सांजेस वरपक्षाने कलिंगडे, डाळिंबे, सुकामेवा आणि वस्त्रे यांची ताटे सजवून जातीने वधूगृही न्यावीत. वधूचे तीर्थरूप हाजी सफदर मोठे तिखट. त्यांनी सकाळीच फर्मावले की, "यायचं तर सांजेच्या अजानीआधी या. उशीर झाला तर ताटं आपल्याच घरी खा, आणि मुलगा पण घरीच ठेवा."

आता पेकानेचे लक्षण ऐका. हिचे इंजिन पुढे आणि सारा जोर मागच्या चाकांत. पुढली चाके कारकुनासारखी नुसती दिशा दाखवितात, लढाई पिछाडीने मारावयाची. आणि पिछाडीवर भार नसेल तर बर्फ लागताच ती जागीच गरगरते. म्हणोन जाणत्यांची तजवीज ही, की चाकांस साखळ्या बांधाव्या, डिकीत वजन भरावे, दुसऱ्या गिअरात निघावे आणि पाय हलका ठेवावा. हे शास्त्र आगांस मुखोद्गत. परंतु जिभेस हाड नाही. तेथला दस्तूर असा, की कोणी वस्तूची तारीफ केली तर धन्याने "पेशकश! तुमचीच समजा" म्हणावे, आणि समोरच्याने वारंवार नाकारून ती धन्यापाशीच ठेवावी. आगा मात्र इतक्या कळवळ्याने देत, की नाकारणाऱ्याचे अवसान गळे. चाकांच्या साखळ्या त्याच पायी गेल्या. शेजाऱ्याने एवढेच म्हटले होते की, "वा, काय घट्ट विणीच्या आहेत!"

साखळ्या नाहीत तर नाहीत, म्हणोन आगांनी डिकीत कलिंगडे ठासून भरली, जैसा तोफखाना, आणि कुचाचा हुकूम केला. मग आसनांची मसलत पडली. सोबत कुटुंब अख्तर खानम आणि त्यांचे ज्येष्ठ बंधू नुसरतमामा, देह पर्वतप्राय. खानम म्हणाल्या, "अहो, दादाला मागं बसवा की! वजन मागं हवं म्हणता ना?"

"खुळी का काय? वडील माणूस, आणि मागं? जग काय म्हणेल!"

"जग कुठं बसणारे गाडीत?"

परंतु दस्तूर तो दस्तूर. मामा पुढल्या आसनी विराजले. मागे खानम, बेहनाम आणि ताटे, आणि एक फीत बांधलेले खासे कलिंगड खानमच्या मांडीवर. गाडीचे नाक खाली गेले. तरी डिकीतील तोफखान्याने भार तोलला, आणि पेकान अर्धा घाट हूं की चूं न करता चढली.

तेथे एका वळणी चाक चरात गेले. मग जवळच्या चहाखान्याचा मालक, नावे इज्जत, धावला, त्याने मुलांसह गाडी बाहेर ढकलली, आणि डिकीकडे पाहून उद्गारला, "वाहवा आगा! अशी कलिंगडं आमच्या डोंगरात यल्दाला दिसत नाहीत."

खानमने डोळे मिटले. आगांच्या मुखातून शब्द सुटलाच, "पेशकश!"

"छे छे, कसं घेऊ?"

"माझ्या गळ्याची शपथ!"

"आता शपथच घातलीत म्हटल्यावर," ऐसे म्हणोन इज्जताने मुलांस हाक मारली, आणि तोफखाना रिकामा जाहला.

पुढली चढण निव्वळ काचेची. पेकान तीवर कीर्तनात रंगलेल्या टाळकऱ्यासारखी जागच्या जागी नाचू लागली. मग चाकांखाली घरून आणलेली चुलीतील राख टाकिली, पायपुसणी घातली, टायरांची थोडी हवा सोडिली, आणि बेहनाम मागून ढकलता ढकलता बर्फाने नखशिखांत न्हाला. परंतु तसूभर यश नाही. सूर्य कड्याला टेकला. आगांनी आरशात पाहिले. लेक बर्फात उभा होता, नुसता असदाबादच्या दिशेस बघत होता.

ऐशा समयी मामांस दस्तुराची आठवण जाहली. नम्रपणे वदले, "दाजी, माझ्यामुळं खोळंबा नको. मी आपला डिकीत बसतो." आणि एक पाय बाहेर काढून, दाजी आता हात धरतील, आणाभाका घालतील, म्हणोन थांबले.

आगांचा ओठ हलला, जीभ टाळूस लागली. उभ्या जन्मात जो आग्रहाचा शब्द अडला नव्हता तो त्यांनी दातांखाली रगडला. मग म्हणाले, "सांभाळून बसा, नुसरतजान. झाकण मी धरतो."

"अहो, मी म्हणायचं म्हणून म्हटलं!"

"मीही नको म्हणायचं म्हणून म्हटलं असतं. पण सूर्य ऐकेना."

बोललेला शब्द मागे घ्यावा तर वडीलपणास बट्टा. मामा डिकीत आरूढ जाहले, झाकण अर्धे उघडे ठेवून दोराने बांधिले, आणि पेकानेची पिछाडी ऐशी बसली की मागली चाके बर्फात दात रोवून उभी राहिली. आगांनी दुसरा गिअर टाकिला, पाय हलका ठेविला, आणि गाडी चालली! बेहनाम धावत येऊन आत पडला. मागून येणारे ट्रकवाले डिकीतील लोकरी टोपी पाहून भोंगे वाजवीत, आणि मामा छातीस हात लावून प्रत्येकास म्हणत, "तुम्ही व्हा पुढं, तुम्ही व्हा!"

"दादा, आता रस्ता वाटून टाकू नकोस!" आतून खानम ओरडल्या.

खिंड पडली. अजानीस थोडका अवकाश असता स्वारी हाजींच्या दारी दाखल जाहली. हाजी ताटे उतरवावयास डिकीपाशी आले, दोर सोडिला, आणि भुवया चढवून पुसते जाहले, "हे काय आणलंत?"

बेहनाम लाजून म्हणाला, "माझे मामा. ते मागं बसले, म्हणून आम्ही पोचलो."

मामांचे गुडघे थिजून घडीचे घडीच राहिले होते, म्हणोन हाजींनी, आगांनी आणि बेहनामाने त्यांस बसल्या आकारात उचलिले, आणि पालखीवाचून पालखी निघाली. खिडकीत माहलका बानू हसू आवरताना दिसली, आणि बेहनामाचा पाय उंबऱ्यास अडखळला. हाजींनी शेगडीवर चौरंग ठेवून पांघरलेल्या रजईत दारापासून दूरचे, सर्वांत मानाचे स्थान मामांस दिले, आपण दाराशी बसले, आणि हुकूम जाहीर केला: "ज्या घरचा वडीलधारा पोराच्या लग्नापायी डिकीत बसतो, त्या घरी मुलगी द्यायला मला धास्ती नाही. चहा आणा!"

येणेप्रमाणे यल्दाच्या सांजेस असदाबादची खिंड फत्ते जाहली. सोयरीक कायम, ताटे दाखल, गाडी शाबूत. सरदारांची नावे बखरीत राहतातच. परंतु श्रोते हो, नुसरतमामांचे गुडघे अजून थंडीत ठणकतात, आणि ते कोणास सांगत नाहीत. आज आपापल्या देवापुढे हात जोडाल, तेव्हा एक शब्द त्यांच्यासाठी टाकावा.