फळ्यावरची खाडी

आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली एक काळा फळा आहे. त्यावर काय लिहायचं हे सेक्रेटरी ठरवते, आणि सेक्रेटरी गेली अकरा वर्षं मी आहे, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नाही. फळ्यावर माझ्या सूचना असतात. 'शनिवारी टाकी धुणार. पाणी भरून ठेवावे.' 'जिन्यात चपलांचे दुकान मांडू नये.' आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात, मी रेघ मारून दिलेल्या चार बोटं जागेत, सुवाच्य अक्षरात असं काहीतरी असतं:

'चैत्र शु. त्रयोदशी. भरती पावणेदहा. वारा मतलई. पाणी निवळ. बोय लागते आहे. पाग न्यावा. – लेले.'

नवीन माणूस हे दोनदा वाचतो आणि बाहेर जाऊन सोसायटीचं नाव पुन्हा बघून येतो. कर्वेनगरात समुद्र नाही. मुठा आहे, पण तिच्यात पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, टाकलंच तर प्लॅस्टिकच्या पिशव्या लागतील. बोय हा खाडीतला मासा आणि मतलई म्हणजे पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा. हे ज्ञान मला लेलेकाकांमुळे झालं. मी मागितलेलं नव्हतं.

लेलेकाका तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. लग्न केलं नाही. "राहून गेलं," असं म्हणतात, जणू गॅस बंद करायचा राहून गेला. जन्म तार ऑफिसात गेला, त्यामुळे बोलणंसुद्धा तारेसारखं. शिमगा झाला की काका फळ्यावर येतात ते पावसाच्या तोंडावर होड्या वर ओढेपर्यंत. रत्नागिरीच्या खाली खाडीकाठी त्यांचं गाव आहे. तिथल्या वसंतातल्या मासेमारीची स्थिती ते रोज सकाळी सात वाजता पुण्यातल्या चोवीस बिऱ्हाडांना कळवतात, आणि त्या चोवीस बिऱ्हाडांत होडी एकाकडेही नाही.

बरं, माणूस मासे खाणारा असता तर एक वेळ समजलं असतं. लेलेकाका कट्टर शाकाहारी. चातुर्मासात कांद्याकडे बघतसुद्धा नाहीत. आमचे हे मात्र पक्के मासेखाऊ. फळा वाचून वाचून त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. एकदा त्यांनी जिन्यात काकांना गाठून विचारलं, "काका, बोय तळून चांगली लागते की कालवणात?"

"मला काय विचारता?" काका म्हणाले. "माझी माशांशी ओळख आहे. जेवणाखाण्याचे संबंध नाहीत."

दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलानं, हा कुठल्यातरी कंपनीत रात्रंदिवस कॉम्प्युटर बडवतो, एकदा विचारलं, "काका, हे अपडेट सॉलिड असतं. ॲप कुठलं वापरता?"

"इब्राहिम," काका म्हणाले. तो बिचारा दोन दिवस फोनवर ते ॲप शोधत होता.

फळ्यावरून भांडणं झाली नाहीत असं नाही. तळमजल्यावरच्या एका वहिनींनी लेखी तक्रार दिली की एकादशीला सकाळी सकाळी माशांची नावं वाचावी लागतात. मी ती काकांकडे पाठवली. पुढच्या एकादशीला फळ्यावर आलं, 'भरती सव्वाआठ. वारा मतलई. बाकी उद्या.' रामनवमीला तर कमाल केली. 'रामजन्म दुपारी बारा. भरती पावणेसात. दोन्ही चुकवू नये.'

भरतीची वेळ ते पंचांगातून काढतात. तिथीला पाऊणनं गुणायचं, की झाली भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यामुळे हळूहळू सोसायटीतल्या बायका तिथीसाठी फळाच बघायला लागल्या आणि काकांचा फळ्यावरचा हक्क पक्का झाला. मी तरी किती नडणार? एकदा मी त्यांना म्हटलं, "अहो, माझी पाण्याची सूचना महत्त्वाची की तुमची?" तर म्हणाले, "दोन्ही पाण्याच्याच. माझं पाणी वेळेवर येतं."

आम्हा सगळ्यांना त्यांनी खाडीतली नावं ठेवली होती. सभेला माणसं कमी आली की 'ओहोटी', चेअरमन तावातावानं बोलायला लागले की 'उधाण'. माझं नाव शेंगटी आहे, हे मला उशिरा कळलं. शेंगटी ही मासळी हातात धरली की काटा मारते. मी राग मानला नाही. खोटं काय आहे त्यात?

पण पंचांगातून भरती निघते, मासा निघत नाही. त्यासाठी इब्राहिम. इब्राहिम म्हणजे काकांचा लहानपणचा मित्र. गावातल्या मच्छीमाराचा मुलगा. शाळेला सुट्टी लागली की हे दोघं होडीत. इब्रा पाग टाकायचा आणि लेले टोपली धरून बसायचे. घरी आल्यावर यांची आई मागच्या दारी बादली घेऊन उभीच असायची. अंगावर पाणी ओतल्याशिवाय घरात प्रवेश नाही. "उन्हाळ्यात मी दिवसातून तीनदा आंघोळ करायचो," काका सांगतात. "स्वच्छतेसाठी नाही."

काका पुण्याला नोकरीला लागले तेव्हा त्यांनी इब्रालाही बोलावलं होतं. शिपायाची जागा होती. तो हसला. म्हणाला, "माका माशांनी खाल्लं तरी मी खाडी सोडूचा नाय. तू जा. पान्याची खबर मी देतो तुला." आणि तेव्हापासून दिली. आधी पोस्टकार्डं यायची. गेल्या मंगळवारची भरती या गुरुवारी कळायची आणि काका ती तितक्याच गंभीरपणे वाचायचे. मग फोन आले. रोज सकाळी साडेसहाला काका फोन लावतात, आणि त्यांचा आवाज तार ऑफिसातला, त्यामुळे अख्खा जिना ऐकतो. "हां. वारा? हां. पाणी? बोय? मोठी? हां. ठेव." संपलं. साठ वर्षांची मैत्री आणि 'कसा आहेस' एकदाही नाही.

आता माझी चूक सांगते.

गेल्या चैत्रात पौर्णिमेच्या दिवशी फळ्यावर आलं, 'उधाण. भरती सव्वाअकरा. बोय विक्रमी.' आमचे हे म्हणाले, "बास. आता जायचंच." शनिवार-रविवार जोडून होता. काकांना सांगितलं नाही. म्हटलं, इब्राहिमभाईंना भेटू, त्यांचा फोटो काढू आणि आणून काकांच्या हातात ठेवू. बघू या, दगडाला पाझर फुटतो का ते.

धक्क्यावर पोहोचलो तर एक मासेवाली बसलेली होती. टोपलीत थोडी कोळंबी आणि दोन खेकडे. ह्यांनी बोय मागितली.

"बोय? म्हयनाभर एक नाय गावली," ती म्हणाली.

मी इब्राहिमभाईंची चौकशी केली.

"इब्राचाचा? तो हितं कुठं? दोन वर्सं झाली त्याला जाऊन. गुडघे गेले, होडी इकली. मुलगा पुन्याला घेऊन गेला त्याला. हिंजवडी का काय म्हनतात तिथं. चवदाव्या माळ्यावर ऱ्हातो. मी पुतणी त्याची."

मला हसू आवरेना. कर्वेनगरातून हिंजवडी वीस किलोमीटर. ट्रॅफिक असला तर कोकण जवळ. आणि दोन वर्षं आमच्या फळ्यावर चौदाव्या मजल्यावरची भरती-ओहोटी चालली होती. मी त्या पुतणीला सगळं सांगून टाकलं. रोज सकाळी तुझा चाचा आमच्या लेल्यांना इथली खबर देतो, आम्ही सगळे वाचतो, वगैरे. तीही पदर तोंडाला लावून हसली. जीभ आवरणं मला कधी जमलेलं नाही. माझ्या सासूबाई हेच सांगून गेल्या.

सोमवारी फळ्याचा कोपरा कोरा होता.

साडेसहाला जिन्यात फक्त काकांनी लावलेल्या फोनची रिंग ऐकू आली. पलीकडे कोणी उचलला नाही, बराच वेळ वाजून थांबली. पुन्हा वाजली. मंगळवारीही तेच. मंगळवारी संकष्टी होती आणि फळ्यावर तिथी नाही म्हणून दोन घरांत लोकांनी सकाळी पोहे खाल्ले. त्याचाही ठपका माझ्यावर आला. बुधवारी काका फळ्यापर्यंत आले, खडू हातात घेतला, आणि न लिहिता वर गेले. मी दारातून बघत होते. पुतणीनं त्याच संध्याकाळी चाचाला फोन केला असणार, हे कळायला मला तीन दिवस लागावेत?

मी तशीच वर गेले. काकांनी दार उघडलं. खिळ्याला पंचांग, टेबलावर फोन. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गावी गेले होते, इब्राहिमभाई तिथे नाहीत, हिंजवडीला आहेत, आणि मी मूर्खासारखी त्यांच्या पुतणीजवळ बडबडले.

काका म्हणाले, "हिंजवडीला आहे ते माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तो वाऱ्याचं सांगत होता आणि मागे एक बाई म्हणाली, 'कृपया दरवाजा बंद करा.' खाडीत लिफ्ट नसते, सेक्रेटरीबाई."

"मग बोलला का नाहीत? इतक्या जवळ आहेत. भेटायला जायचं."

"त्यानं मला सांगितलं होतं, खाडी सोडणार नाही. होडी विकली ते सांगितलं नाही. सांगवलं नसेल." काकांनी पंचांग उगीचच सरळ केलं. "मी दारात जाऊन उभा राहिलो की तो खाडीवर नाही, हे ठरलं. मुलगा-सून कामाला जातात. दिवसभर भिंती बघतो. सकाळी साडेसहाला दहा मिनिटं खाडीवर असतो. तेवढा असू दे म्हटलं."

त्या माणसाला मी इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

"रडू नका. तुमचा फोन द्या," काका म्हणाले. "माझं नाव दिसलं की तो उचलत नाही."

त्यांनी नंबर पाठ म्हटला आणि माझ्याच फोनवरून लावला. स्पीकर सुरू केला. पलीकडून एक खरखरीत आवाज आला, "कोण?"

"इब्रा, मी. ठेवू नको." काका नेहमीच्या आवाजात म्हणाले. "आमच्या सेक्रेटरीबाई तिकडे गेल्या होत्या. तुझी भेट झाली नाही म्हणतात. बोल त्यांच्याशी." आणि फोन माझ्यासमोर धरला.

अकरा वर्षं मी सभेचं इतिवृत्त लिहिते आहे. त्यात एक शब्द खोटा नाही, हा माझा अभिमान. मी घसा साफ केला.

"इब्राहिमभाई, मी धक्क्यावर आले होते. तुमची होडी तिथे नव्हती. मी काकांना सांगितलं, खाडीत गेले असतील."

मी काकांकडे बघितलं. ते फोनकडे बघत होते. फोन आता कट होणार असं मला वाटलं.

"हां," शेवटी आवाज आला. "आत होतो त्या दिवशी. लांब."

तेवढ्यात मागून ती बाई स्पष्ट म्हणाली, "कृपया दरवाजा बंद करा." आणि लेलेकाकांना असा काही खोकला आला की खालच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. खोकला थांबला तेव्हा बाईचं बोलून झालं होतं.

"वारा?" काकांनी विचारलं.

"मतलई."

"पाणी?"

"निवळ हाय."

"बोय?"

"लागली की. तीन दिस तू नव्हतास, तवा तर लय लागली."

"हां," काका म्हणाले. मग, साठ वर्षांत पहिल्यांदा असावं, म्हणाले, "गुडघ्याला तेल लाव. होडीत वाकतोस फार."

"लावतो," पलीकडून आलं. "ठेव."

काका माझ्यामागोमाग खाली आले. मी फळ्यावरची टाकीची सूचना पुसून टाकली. वरच्या मोकळ्या जागेत, ठसठशीत अक्षरात त्यांनी लिहिलं, 'चैत्र व. पंचमी. भरती पावणेचार. वारा मतलई. पाणी निवळ. बोय भरपूर. – लेले.'

माझ्यातली शेंगटी काही गप्प बसेना. "काका," मी म्हटलं, "मी स्वतः बघून आले. महिनाभर बोय लागलेली नाही तिथे."

काकांनी हातावरचा खडू झटकला. "तुम्ही धक्क्यावरून बघितलंत," ते म्हणाले. "इब्रा आत होता."

ते वर गेले. मी खडू उचलला आणि टाकीची सूचना खालच्या उजव्या कोपऱ्यात, चार बोटं जागेत, बारीक अक्षरात लिहिली.