हिलालआप्पांचा टीव्ही गेम

हिलालआप्पा पाटील खेळायला बसण्याआधी चष्मा डोक्याला बांधून घेत. मागावरच्या सुताने, पाठीमागे पक्की गाठ मारून. कारण पडद्यावरचा माणूस खड्ड्यावरून उडी मारायचा तेव्हा आप्पाही गोधडीवरून चांगले वीतभर उडत आणि तो डावीकडे पळाला की आप्पांची मान, खांदे, कंबर सगळं डावीकडे जाई. चष्मा अशा वेळी जागेवर राहत नसे.

आप्पांचं वय तेव्हा पन्नास. हा गृहस्थ रोज संध्याकाळी सातला, हातपाय धुऊन, टोपी काढून, टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमवर खेळत असे.

ही गोष्ट सुरतेतली, नव्वदच्या दशकातली. लिंबायतमध्ये आम्ही शेजारी होतो. मी बीडकडचा, मराठी शाळेत मास्तर. आप्पा खानदेशातले, एका कारखान्यात माग दुरुस्त करायचे, त्यामुळे लोक त्यांनाही मास्तरच म्हणत. गोंधळ नको म्हणून चाळीने आपसांत ठरवून टाकलं: मी ‘गुरुजी’ आणि ते ‘आप्पा’. अडखळत चालणाऱ्या मागाशेजारी नुसता कान लावून उभा राहिला तर हा माणूस कुठला दाता झिजलाय ते सांगायचा. कारागीर त्यांना मानायचे. पण ते कारखान्यात. चाळीत त्यांची ओळख एकच: टीव्ही गेमवाले.

त्या यंत्राची कीर्ती तेव्हा फार वाईट होती. पोरांचे डोळे जातात, टीव्हीची काच जळते, अभ्यास तर संपलाच, असं सगळे म्हणत. मीही वर्गात म्हणत असे, आवाज चढवून. मग त्याच्यापुढे एक पिकल्या मिशांचा माणूस बसलेला पाहून लोकांना काय वाटणार? आमचे घरमालक जयंतीभाई भाडं न्यायला आले की आप्पांच्या बंद दाराकडे बघत कपाळाला हात लावत. “आ उंमरे?” म्हणत, म्हणजे या वयात? पुढचं वाक्य त्यांना सुचतच नसे.

दार बंद असे हे खरं. सात वाजले की आप्पा बाहेर येऊन गॅलरीत जाहीर करत, “अर्धा तास मी मरी गयू असं समजा.” आणि आतून कडी. त्या अर्ध्या तासात कुणी मरायला टेकलं तरी दार उघडत नसे. आमच्या मधल्या भिंतीतून आवाज मात्र सगळा यायचा. “मार! मार उडी! पडनी का? ऊठ, ऊठ. मी थांबेल शे.” माझी बायको शैला म्हणायची, “बघा, टीव्हीतल्या माणसाशी बोलायला लागले.”

आप्पांना या कुजबुजीचं काही वाटत नसे. एकदा त्यांचा टीव्ही बिघडला, तेव्हा दोष टीव्हीचा की यंत्राचा हे पाहायला ते यंत्र घेऊन आमच्या घरी आले. चष्म्याची ती गाठ मी तेव्हाच पाहिली. चौटा बाजारातून आणलेल्या त्या यंत्राच्या खोक्यावर लिहिलं होतं की आत नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ आहेत.

“मी सुरुवातपासून एकेक लाई पाह्यना, गुरुजी,” आप्पा म्हणाले. “चार शेतस. बाकी बठ्ठी त्याच चौघांची बारशी.”

“पण आप्पा, या वयात यातून शिकायला काय मिळतं?”

“शिकत नही. मी खेळस.” खेळस म्हणजे खेळतो. हे वाक्य ते दिवसातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत, आणि त्यात ओशाळलेपणा औषधालाही नसे.

त्यांच्या घरात आणखी एक माणूस होतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाच्याच ध्यानात नसे. त्यांची बायको, कमलवहिनी. दोन वर्षांपूर्वी कतारगामची खोली सोडून ही दोघं आमच्या चाळीत आली, तेव्हापासून वहिनी बाहेर दिसल्या नव्हत्या. तब्येत बरी नसते, एवढं आप्पा सांगत. पाणी तेच भरत, भाजी तेच आणत, भांड्यांचा आवाजही त्यांच्याच हातचा. चाळीतल्या बायकांनी वहिनींना गर्विष्ठ ठरवलं आणि विषय संपवला.

मग आमच्या हमरस्त्यावर कॉम्प्युटरचा क्लास निघाला.

काचेचं दार, थंड हवा, जमिनीवर गालिचा. चपला बाहेर काढायच्या. प्रत्येक कॉम्प्युटरवर पांढरं आवरण, ते काढतानाही क्लासचे सर असे काढत की आत मूर्ती असावी. माझी मुलगी कल्पना तेव्हा कॉलेजात होती, तिला मी तिथे घातलं. पहिल्या महिन्यानंतर पालकांना बघायला बोलावलं. मी कौतुकाने आप्पांनाही नेलं.

आम्ही पंधरा-वीस आईबाप काचेबाहेर अनवाणी उभे होतो. आत मुलं पडद्याकडे एकटक बघत बसलेली. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आणि त्या शांततेत आप्पा खणखणीत आवाजात म्हणाले,

“गुरुजी, तुमनी पोर गाडी चालावस. हाई पाहा, भिताडावर धडकनी.”

मी काचेला नाक लावून पाहिलं. खरंच, कल्पनाच्या पडद्यावर लाल मोटार उलटी पडली होती. शेजारचा मुलगा पत्ते लावत होता. त्यापलीकडचा धडाधड गोळ्या झाडत होता. “श्श!” मागून कुणी तरी म्हणालं.

क्लासचे सर लगबगीने बाहेर आले. “हा खेळ नाही काका. माउसचा सराव आहे. बोटांना वळण लागतं.”

“हां,” आप्पा म्हणाले. “मंग मी दोन वर्सेपासून सराव करी राह्यनू.”

पालक हसले, पण आप्पांना. मुलांचं मात्र सगळ्यांना कौतुकच राहिलं, आणि खरं सांगतो, मलाही. घरी येऊन मी शैलाला म्हणालो, “कल्पनाचा हात काय सफाईदार चालतो!” ती मोटार भिंतीवर धडकत होती हे सांगितलं नाही.

त्यानंतर वर्षभरात आप्पांच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला. साडीची नक्षी कागदाच्या चौकटीत ठिपका ठिपका भरून काढायचे दिवस संपत आले होते, ती आता पडद्यावर काढायची होती. शेठने दोन शिकलेली मुलं ठेवली. ती सुंदर वेली काढत, पण त्या मागावर उतरत नसत, धागे तुटत. शेवटी शेठने आप्पांना केबिनमध्ये बोलावून विचारलं, चुकतंय कुठे. आप्पा खुर्चीवर बसले, माउस हातात घेतला आणि सरसर फिरवायला लागले. चौथ्या दिवशी त्यांनी काढलेला काठ एकही धागा न तुटता विणून निघाला.

बोटांना वळण होतंच.

झालं! चाळीने कूस बदलली. ‘टीव्ही गेमवाले’ जाऊन ‘कॉम्प्युटरवाले आप्पा’ आले. जयंतीभाई त्यांना बसायला खुर्ची देऊ लागले. माझ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी मुलांपुढे चार शब्द सांगायला बोलावलं. आप्पा गेले आणि टोपी नीट करून चार शब्दच बोलले, “पोरंसहोन, खेळा. मी खेळस.” मुख्याध्यापकांनी आभार मानताना त्याचा अर्थ परिश्रम असा लावला.

कारखान्यातही तेच. जेवणाच्या सुटीत आप्पा कॉम्प्युटरवर पत्ते लावत बसत. शेठ बाहेरून काचेतून बघत आणि येणाऱ्या व्यापाऱ्याला हळूच सांगत, “काम करे छे, अवाज नहीं.” आप्पांनी दार उघडून सांगितलं, “शेठ, काम नथी करतो. हुं रमुं छुं.” तेच ‘मी खेळस’, गुजरातीत. शेठ त्या व्यापाऱ्याला कौतुकाने म्हणाले, “केटलो सादो माणस छे!”

आप्पा मला हे सांगताना चिडलेले होते. “गुरुजी, घरमा खेळस ते येडा. तठे खेळस ते हुशार. पत्ता तोच, बोट तेच. माणूस बी तोच ना?”

 मी स्वतः दोन्हीकडे टाळ्या पिटून आलो होतो.

मग शेठने कतारगामला नक्षीचं वेगळं ऑफिस काढलं आणि आप्पांना त्याचं मुख्य केलं. मागाचा खडखडाट नाही, तेलाचे हात नाहीत, थंड केबिन. दुपारी बारा ते रात्री नऊ. आप्पांनी नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही. शेठ आठवडाभर थांबतो म्हणाले.

चाळ खवळली. जणू नोकरी चाळीलाच लागली होती. “टीव्ही गेमसाठी सोडतोय! सात वाजता खेळायचं असतं ना!” मला सगळ्यांनी मिळून पाठवलं. गुरुजी आहात, समजवा.

मी रागातच गेलो. सात वाजून गेले होते, आतून तो आवाज येत होता. मी दार वाजवलं. उघडलं नाही. मी वाजवतच राहिलो. “आप्पा, मी मेलेल्या माणसाशी बोलायला आलोय!” शेवटी आवाज थांबला, आत काही तरी बोलणं झालं आणि कडी निघाली.

गोधडीवर कमलवहिनी बसल्या होत्या, भिंतीला उशी लावून. उजवा हात मांडीवर, आणि त्या हातात खेळाचा रिमोट रुमालाने बांधलेला. दुसरा रिमोट आप्पांच्या जागेवर पडला होता. पडद्यावर एक लाल माणूस आणि एक निळा माणूस खड्ड्याच्या काठावर उभे होते. वहिनींनी मला पाहिलं आणि हात पदराखाली घेतला.

माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी दाराशीच उभा राहिलो.

“बठा गुरुजी,” आप्पा म्हणाले. मग वहिनींना म्हणाले, “आपलाच माणूस शे.”

आप्पांनी मग सांगितलं. कतारगामला असताना वहिनींना लकवा झाला होता. जीव वाचला, पाय सावरले, उजवा हात मात्र लुळा राहिला. डॉक्टरांनी बोटांच्या व्यायामाला रबराचा चेंडू दिला. वहिनींनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी खिडकीतून फेकला. बोलणंही सोडलं. तिथल्या शेजारणी येत, हात उचलून बघत, चुकचुकत, बिचारी म्हणत आणि जात. एका संध्याकाळी शेजारघरच्या मुलांचा खेळ उघड्या दारातून दिसत होता. पडद्यावरचा माणूस खड्ड्यात पडला आणि वहिनी हसल्या. सहा महिन्यांनी पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी आप्पांनी चौटा बाजार गाठला. आणि महिन्याच्या आत खोली बदलली, जिथे वहिनींचा हात कुणी पाहिलेला नाही अशा ठिकाणी.

“आधी अंगठा बी हालत नव्हता,” ते म्हणाले. “आते उडी मारस. लाल माणूस तिना. मी निळा. एक मागे राह्यना तर दुसरा पुढे जात नही, असा खेळ शे हाऊ.”

“आप्पा, सांगायचं तरी. इतकी वर्षं लोक तुम्हाला काय काय म्हणाले.”

“मले येडा म्हनतस, म्हनू द्या. तिले कोनी बिचारी म्हने ते मले चालाव नही.”

वहिनी पडद्याकडेच बघत होत्या.

मी कॉम्प्युटरचं विचारलं. घरी एखादा आणता आला असता पुढेमागे, लोकही बोलले नसते. आप्पांनी मान हलवली. “कॉम्प्युटरमोरे एकच खुर्ची राहस, गुरुजी.”

मी म्हणालो, “शेठकडे वेळ बदलून तर मागा.”

“काय सांगू? तिनं नाव मी काढाव नही.”

“नका काढू. सात वाजता खेळायचं असतं म्हणून सांगा. खोटं कुठंय?”

दुसऱ्या दिवशी आप्पांनी शेठसमोर उभं राहून तसंच सांगितलं: मला रोज संध्याकाळी सातला घरी टीव्ही गेम खेळायचा असतो, सकाळची वेळ देत असाल तर येतो. आप्पांना वाटलं, आता हाकलतील. शेठ क्षणभर बघत राहिले आणि मग हसत मुनीमजींना म्हणाले, “कॉम्प्युटरवाळा छे ने, एवा ज होय.” म्हणजे ही माणसं असलीच. आठ ते पाच मिळाली. वर्षभरापूर्वी ज्यासाठी लोक त्यांना वेडा म्हणत होते, तीच आता मोठ्या डोक्याच्या माणसाची लहर ठरली.

मी चाळीत कुणालाच काही सांगितलं नाही. शैलालासुद्धा नाही, आणि हे माझ्या स्वभावाला फार जड गेलं. फक्त वर्गात टीव्ही गेमवर बोलणं बंद केलं.

सात-आठ महिने गेले असतील. एका रविवारी सकाळी आप्पा ताट घेऊन दारात आले. ताटावर फडकं. काढलं तर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. भाकरी एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला फाटलेली, मधे बोटांचे खोल ठसे. आप्पांच्या हातची भाकरी मला माहीत होती, ती यंत्रातून काढल्यासारखी गोल असे. मी वर पाहिलं. आप्पांनी ताट आणखी पुढे केलं. 

मी घास घेतला. “छान झालीय.”

“जरा जोरमा सांगा, गुरुजी,” ते हळूच म्हणाले. “दरवाजाना मांगे उभी शे.”

“वहिनी!” मी गॅलरीभर ऐकू जाईल असं ओरडलो. “भाकरी फार छान झालीय!”

शेजारचं दार बोटभर किलकिलं झालं. मग बारीक, अडखळता आवाज आला, “मीठ कमी पडनं ना?”

“नाही हो! अगदी बरोबर आहे!”

आप्पांनी चष्मा काढून सदऱ्याने पुसला आणि दुसरी भाकरी आणायला गेले. मीठ खरंच कमी होतं. मी तीही खाल्ली.